कोडच्या फाइलला डिफॉल्ट एडिटर कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात नुकतं प्रोग्रामिंग सुरू केलेली मुलं, नोकरीत पहिल्यांदाच मॅक हातात आलेले, जुन्या लॅपटॉपवर काम भागवणारे, अशा बऱ्याच जणांकडून हे प्रश्न येत राहतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी ठेवली आहेत. माझी भूमिका आधीच सांगतो. डबल-क्लिकला जोडलेला प्रोग्राम झटकन उघडावा, फाइल चालवू नये आणि तुम्हाला न विचारता तिच्यातलं एक अक्षरही बदलू नये. दिवसभर कोड लिहिण्यासाठी तुम्ही दुसरं, मोठं साधन खुशाल वापरा.

१. डिफॉल्ट एडिटर म्हणजे नक्की काय? तो फाइलमध्ये साठवलेला असतो का?

सहसा नाही (मॅकवरचा एक अपवाद प्रश्न १२ मध्ये). फाइलवर डबल-क्लिक केलं की कोणता प्रोग्राम उघडायचा, याची यादी ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते. विंडोज ही निवड फाइलच्या एक्स्टेन्शनवरून करते, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून. लिनक्सचे डेस्कटॉप फाइलचा प्रकार ठरवताना नाव पाहतात आणि गरज पडली तर आतला मजकूरही पाहतात. मॅक एक्स्टेन्शनवरून आधी प्रकार ठरवतो आणि मग त्या प्रकाराला जोडलेलं ॲप उघडतो. त्यामुळे तीच फाइल मित्राच्या मशीनवर दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडली तर फाइलमध्ये काही बिघाड झालेला नसतो.

२. विंडोजमध्ये नोटपॅड आहेच. वेगळा एडिटर कशाला?

नुसतं बघायचं असेल तर आजचा नोटपॅड पुरतो. पूर्वी तसं नव्हतं. २०१८ पर्यंत त्याला लिनक्स-मॅकच्या पद्धतीने संपणाऱ्या ओळी ओळखताच येत नव्हत्या, त्यामुळे अख्खी फाइल एकाच लांबलचक ओळीत दिसायची. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीत ते सुधारलं. पुढे १९०३ आवृत्तीपासून नव्या फाइल्स मुळातच यूटीएफ-८मध्ये (सगळ्या भाषांची अक्षरं साठवू शकणाऱ्या पद्धतीत) जतन होऊ लागल्या. पण कोडचे शब्द रंगवून दाखवणं, कंसाची जोडी शोधणं, टॅब आहे की स्पेस हे दाखवणं या गोष्टी कोड वाचताना सतत लागतात, आणि त्यासाठी खास एडिटर हवा.

३. वर्डमध्ये कोड उघडला तर काय बिघडतं?

त्यात काही टाइप करून जतन केलंत तर बरंच बिघडतं. वर्ड सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं टाकतो, वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो आणि दोन जोडरेघांची एक लांब रेघ करतो. कंपायलरला (कोड वाचून त्याचा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला) यातलं काहीच चालत नाही. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कोड कॉपी करून आणल्यावर जी अनाकलनीय एरर येते, तिचं कारण बहुतेक वेळा ही अवतरणचिन्हंच असतात. वर्डपॅडबद्दल विचारणाऱ्यांसाठी: विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून तो काढून टाकला आहे.

४. फाटे फोडू नका, एकच नाव सांगा. कोणता ठेवू?

विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस. तो २००३ पासून आहे, मोफत आहे, मुक्त परवान्याचा आहे आणि पटकन उघडतो. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप असेल तर केट. जीनोम हा डेस्कटॉप असेल तर सोबत येणारा टेक्स्ट एडिटर पुरतो, जास्त काही हवं असेल तर जीनी बसवा. मॅकवर कॉटएडिटर किंवा बीबीएडिट. बीबीएडिटची चाचणीची मुदत संपली तरी मूळ सोयी मोफत चालू राहतात. सब्लाइम टेक्स्ट तिन्हीकडे चालतो आणि अतिशय चपळ आहे, पण कायम वापरायचा असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो. तो घ्यायची तयारी असेल तर माझ्या मते तो पैसे वसूल करून देतो.

५. सगळे व्हीएस कोड वापरतात. तोच डिफॉल्ट का नको?

ठेवलात तर चूक नाही. मशीन दणकट असेल आणि व्हीएस कोड दिवसभर उघडाच असेल, तर नवी फाइल त्याच खिडकीत लगेच येते. तरीही मी तो डबल-क्लिकला जोडत नाही, कारण हा एडिटर फोल्डर उघडून काम करण्यासाठी घडवलेला आहे. सुटी फाइल उघडली की प्रोजेक्टची सेटिंग्ज त्याला मिळत नाहीत, आणि नवशिक्यांना वाटतं की आपली एक्स्टेन्शन्स (इथे अर्थ एडिटरला जोडलेली पूरक साधनं) मोडली. कामाला बसताना अख्खं फोल्डर उघडा. एखाद्या फाइलमध्ये नुसतं डोकवायचं असेल तर हलका एडिटर बरा.

काही जण परवान्याबद्दलही विचारतात. व्हीएस कोडचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्ट जी तयार आवृत्ती देते तिचा परवाना वेगळा आहे आणि ती वापराची माहिती गोळा करते. हे नको असेल तर त्याच खुल्या कोडमधून बनवलेला व्हीएसकोडियम आहे. मात्र मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेन्शन्स, उदाहरणार्थ पायथनचं पायलान्स, परवान्यानुसार फक्त अधिकृत आवृत्तीसाठीच आहेत.

६. लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी. काय झेपेल?

नोटपॅड प्लस प्लस, जीनी किंवा केट. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटात एक ब्राउझरच चालत असतो. बाजूला क्रोमचे चार-पाच टॅब उघडे असतील तर ४ जीबीत दोघांचीही ओढाताण होते.

७. पायथनच्या फाइलवर डबल-क्लिक केलं की काळी खिडकी चमकून जाते. फाइल उघडतच नाही!

ती उघडत नाही, चालते. विंडोजवर पायथन बसवलं की डॉट पीवाय फाइल्स पायथनच्या लाँचरला जोडल्या जातात. प्रोग्राम चालतो, संपतो आणि खिडकी बंद होते. फाइल बघायची असेल तर या एक्स्टेन्शनला तुमचा एडिटर जोडा (कसं ते प्रश्न १० मध्ये). मग चालवण्यासाठी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून आधी 'पायथन' किंवा 'पीवाय' आणि मग फाइलचं नाव लिहायचं. नुसतं फाइलचं नाव लिहून चालवायची सवय असेल तर ती सोडावी लागेल, कारण आता तसं केल्यावर एडिटर उघडेल. हा बदल मी प्रत्येक नवशिक्याला करायला सांगतो. प्रोग्राम टर्मिनलमधून चालवला की एरर समोर राहते आणि वाचता येते.

८. जावास्क्रिप्टच्या फाइलचा डिफॉल्ट बदला असं तुम्ही आवर्जून सांगता. का?

कारण या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच आहे. ज्यांना प्रोग्रामिंगशी काही देणंघेणं नाही त्यांच्याही मशीनवर तो करून द्या.

विंडोजवर डॉट जेएस फाइल मुळात विंडोज स्क्रिप्ट होस्टला जोडलेली असते. डबल-क्लिक केलं की ती थेट चालते, आणि ब्राउझरमध्ये असतात तसले कोणतेही निर्बंध तिच्यावर नसतात. २०१६ मध्ये पसरलेलं लॉकी हे रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) असंही लोकांपर्यंत पोचलं: ईमेलला बिल म्हणून झिप फाइल, आत जेएस फाइल, एक डबल-क्लिक आणि मशीनवरचे सगळे दस्तऐवज कुलूपबंद. जीमेलने फेब्रुवारी २०१७ पासून जेएस फाइल जोडणंच बंद केलं, पण फाइल यायला ईमेल ही एकच वाट नाही.

त्यात विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवते. 'बिल.पीडीएफ.जेएस' ही फाइल पाहणाऱ्याला 'बिल.पीडीएफ' अशी दिसते. म्हणून दोन गोष्टी करा. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतल्या शोमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स सुरू करा. मग डॉट जेएस, डॉट जेएसई, डॉट व्हीबीएस, डॉट व्हीबीई आणि डॉट डब्ल्यूएसएफ या पाचही एक्स्टेन्शन्सना साधा एडिटर जोडा. यापुढे चुकून डबल-क्लिक झालंच तर घातक कोड नुसता वाचायला मिळेल. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांचं यात काही अडत नाही, कारण नोड फाइलला टर्मिनलमधून नाव घेऊनच चालवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मशीनवर हे काम पाच-दहा मिनिटांत होतं.

९. मग डॉट बॅट फाइललाही एडिटर जोडून टाकू?

नको, हा अपवाद आहे. अनेक सॉफ्टवेअरचे शॉर्टकट आणि मशीन सुरू होताना चालणाऱ्या गोष्टी बॅट फाइलवर विसंबून असतात; डिफॉल्ट बदलला तर त्या चालण्याऐवजी एडिटरमध्ये उघडू लागतील. बॅट फाइल बघायची असेल तर राइट-क्लिक करून एडिट निवडा. पॉवरशेलच्या डॉट पीएस१ फाइलसाठी काहीच करावं लागत नाही. डबल-क्लिक केल्यावर ती चालू नये, एडिटरमध्ये उघडावी, हे मायक्रोसॉफ्टने मुद्दामच ठरवलेलं आहे.

१०. विंडोजवर डिफॉल्ट बदलायचा कसा?

फाइलवर राइट-क्लिक करा, ओपन विथ, मग चूज अनदर ॲप. एडिटर निवडून ऑलवेज दाबा. बऱ्याच एक्स्टेन्शन्स एकदम बदलायच्या असतील तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डिफॉल्ट ॲप्स उघडा आणि वरच्या चौकटीत टिंबासकट एक्स्टेन्शन टाइप करा.

एडिटर यादीत नसेल तर त्याची ईएक्सई फाइल स्वतः दाखवावी लागते. इथे व्हीएस कोडवाले हमखास अडकतात, कारण त्याची नेहमीची आवृत्ती प्रोग्राम फाइल्समध्ये नसते. ती तुमच्या यूजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, लोकल, प्रोग्राम्स या वाटेवर असते, आणि ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं.

११. एडिटरच्या सेटिंगमध्ये 'मला डिफॉल्ट करा' निवडलं, तरी विंडोज ऐकत नाही. असं का?

विंडोज ८पासून वापरकर्त्याची निवड रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एका हॅशसोबत, म्हणजे पडताळणीच्या खुणेसोबत, साठवली जाते. हॅश जुळला नाही तर विंडोज ती नोंद मानतच नाही. कोणत्याही प्रोग्रामने गुपचूप स्वतःला डिफॉल्ट करू नये म्हणून हा बंदोबस्त आहे. त्यामुळे रजिस्ट्रीत हाताने बदल करून किंवा जुन्या असॉक-एफटाइप आज्ञा देऊन काम होईलच असं नाही. सेटिंग्जमधूनच बदला. ऑफिसच्या मशीनवर दर लॉगिनला निवड परत जुनीच होत असेल तर ती कंपनीच्या धोरणातून लादलेली असते. आयटीच्या माणसांशी बोला.

१२. मॅकवर एका फाइलचा डिफॉल्ट बदलतो, बाकीच्या तशाच राहतात.

फाइल निवडून कमांड आणि आय दाबा. ओपन विथमध्ये एडिटर निवडा आणि त्याखालचं चेंज ऑल हे बटण दाबा. ते दाबलं नाही तर निवड त्या एकट्या फाइलपुरती राहते. उलटही घडतं: चेंज ऑल केल्यावरही एखादी फाइल हट्टाने जुन्याच ॲपमध्ये उघडते. तिच्यावर पूर्वी कधीतरी स्वतंत्र निवड चिकटवलेली असते. तिच्याच माहितीच्या खिडकीत जाऊन ॲप बदला.

ॲपलचं एक्सकोड हे प्रोग्रामिंगचं मोठं साधन बसवल्यावर सोर्स कोडच्या बहुतेक फाइल्स तोच उघडायला घेतो, आणि तो सुरू व्हायला वेळ लागतो. प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी वरची कृती करावी लागेल. फार असतील तर टर्मिनलमधून चालणारं 'ड्यूटी' नावाचं छोटं साधन मिळतं, त्यात यादी एकदा लिहून ठेवली की नव्या मॅकवरही तीच चालते. मॅकच्या टेक्स्टएडिटबद्दल एवढंच: तो एचटीएमएल फाइल कोड म्हणून न दाखवता सजवलेलं पान म्हणून दाखवतो. सेटिंग बदलता येतं, पण वेगळा एडिटर बसवणं सोपं.

१३. लिनक्सवर पन्नास प्रकारांसाठी पन्नास वेळा निवड करायची का?

नाही. बहुतेक भाषांच्या फाइल्सचे प्रकार 'टेक्स्ट/प्लेन' या मूळ प्रकाराखाली मोडतात. त्याला एडिटर जोडला की ज्या भाषेसाठी दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने हक्क सांगितलेला नाही ती आपोआप तुमच्या एडिटरकडे येते. फाइल मॅनेजरमधून करा, किंवा होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिगच्या आत 'माइमॲप्स डॉट लिस्ट' ही साधी मजकुराची फाइल आहे, ती वाचा. कोणत्या प्रकाराला तुम्ही कोणता प्रोग्राम जोडला आहे ते तिथे दिसतं.

१४. टाइपस्क्रिप्टची फाइल व्हिडिओ प्लेअरमध्ये का उघडते?

डॉट टीएस हे एक्स्टेन्शन टाइपस्क्रिप्टच्या कितीतरी आधीपासून डिजिटल टीव्हीच्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं आहे. टाइपस्क्रिप्ट २०१२ मध्ये आली आणि तिने तेच घेतलं. क्यूटी या टूलकिटच्या भाषांतराच्या फाइल्सही डॉट टीएसच असतात. तुम्ही टीव्हीचं रेकॉर्डिंग सांभाळत नसाल तर एडिटर जोडून टाका. दोन्ही प्रकारच्या फाइल्स येत असतील तर डिफॉल्ट प्लेअरच राहू द्या आणि कोडचं फोल्डर एडिटरमधून उघडा.

१५. मेकफाइल, डॉकरफाइल यांना एक्स्टेन्शनच नाही. त्यांचं काय?

लिनक्स त्यांना नावावरून ओळखतं. विंडोज दर वेळी विचारतं, आणि सेटिंग्जमध्ये त्यासाठी सोय नाही. सोपा उपाय म्हणजे राइट-क्लिकच्या मेनूत एडिटरचं नाव आणणं. नोटपॅड प्लस प्लस हे बसवतानाच करतो. व्हीएस कोडच्या इन्स्टॉलरमध्ये त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. विंडोज ११मध्ये मेनूत ते दिसलं नाही तर शिफ्ट दाबून राइट-क्लिक करा.

१६. एचटीएमएल आणि सीएसव्हीलाही एडिटरच जोडू का?

एचटीएमएलला ब्राउझरच राहू द्या. पान कसं दिसतं तेच बघायचं असतं आणि कोडसाठी एडिटर उघडाच असतो.

सीएसव्हीची गोष्ट वेगळी आहे. एक्सेल ती उघडताना आकड्यांचं स्वतःच काहीतरी ठरवतं. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांचं शून्य जातं, आणि आधारचा १२ अंकी क्रमांक ई घातलेल्या घातांकी रूपात दिसतो. तशीच फाइल जतन केली तर ते रूपच फाइलमध्ये लिहिलं जातं आणि पुढचे अंक कायमचे जातात. कोडमधून वाचायच्या सीएसव्हीला मी नेहमी एडिटर जोडतो, आणि तक्ता हवा तेव्हा एक्सेलमध्ये ती इम्पोर्ट करतो, प्रत्येक स्तंभाचा प्रकार सांगून.

१७. डिफॉल्ट बदलला तरी गिट कमिटच्या वेळी व्हिमच उघडतं. त्यातून बाहेर कसं पडू?

व्हिम हा टर्मिनलमधला एडिटर आहे, आणि गिट हे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन (कमिट म्हणजे अशी एक नोंद). बाहेर पडायला एस्केप दाबा, कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह लिहून एंटर करा. नव्या कमिटच्या वेळी असं केलं तर संदेश रिकामा राहतो आणि कमिट रद्द होतं, बाकी काही बिघडत नाही.

टर्मिनलमधले प्रोग्राम डबल-क्लिकची यादी वाचतच नाहीत. गिट आधी स्वतःचा 'गिट एडिटर' हा व्हेरिएबल पाहतो, मग कॉन्फिगमधलं 'कोअर डॉट एडिटर', त्यानंतर 'व्हिज्युअल' आणि 'एडिटर' हे व्हेरिएबल, आणि यातलं काहीच नसेल तर व्हीआय. विंडोजवर गिट बसवताना एडिटर कोणता हे विचारलं जातं. तिथे नेक्स्ट-नेक्स्ट केलं की व्हिम पदरात पडतं. व्हीएस कोड लावायचा असेल तर आज्ञेसोबत 'वेट' हा पर्याय द्यायलाच हवा. तो नसला तर व्हीएस कोडची आज्ञा लगेच परत येते, गिटला वाटतं तुमचं लिहून झालं, आणि कमिट रिकाम्या संदेशापायी रद्द होतं.

१८. कोडमधला मराठी मजकूर बिघडलेला दिसतो. एडिटर बदलून सुधारेल का?

काय दिसतंय त्यावर ते ठरतं.

चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी किंवा कुठेही नोटो सान्स देवनागरी हा पर्यायी फॉन्ट म्हणून द्या.

डोक्यावर टिंबं-रेघा असलेल्या युरोपीय अक्षरांची रांग दिसत असेल तर फाइल यूटीएफ-८ आहे पण एडिटर तिला दुसरं काही समजून वाचतोय. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, म्हणून एकाची तीन होतात. अशा वेळी काहीही जतन करू नका. एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडून फाइल पुन्हा उघडा.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर गेला. कुणीतरी ती फाइल एएनएसआय या जुन्या, देवनागरी न मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये जतन केली आहे. जुनी प्रत किंवा गिटचा इतिहास हाच आधार.

एडिटरमध्ये मराठी नीट दिसतं पण पायथन प्रोग्राम फाइल वाचताना अडखळतो, अशीही तक्रार येते. पायथन ३ स्वतःचा सोर्स यूटीएफ-८ मानतं, पण विंडोजवर 'ओपन' हे फंक्शन आजवर मशीनच्या स्थानिक एन्कोडिंगने फाइल उघडत आलं आहे. तिथे एन्कोडिंग स्पष्ट लिहा. जावाने २०२२ मधल्या जेडीके १८पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट केलं. कृतिदेव किंवा श्रीलिपीतून आलेला जुना मजकूर मात्र कोणताही एडिटर सुधारू शकत नाही. त्यात मुळात देवनागरी नसतेच, तो युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो.

१९. 'दुसऱ्या' हा शब्द फाइलमध्ये दिसतोय, पण शोधला तर सापडत नाही!

हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ, हलन्त आणि य येतं. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा जोडणारा वर्ण आणि मग य. दिसायला दोन्ही सारखे, पण एडिटरच्या लेखी वेगळे. दोन्ही रूपांनी शोधा आणि प्रोजेक्टमध्ये एकच रूप ठरवून ठेवा. भाषांतराच्या फाइल्समध्ये मराठी शब्द चावी म्हणून वापरला असेल तर या फरकाने प्रोग्रामही फसतो.

२०. अनोळखी माणसाचा प्रोजेक्ट एडिटरमध्ये नुसता उघडणं सुरक्षित आहे का?

साध्या एडिटरमध्ये एक फाइल उघडणं, हो. मोठ्या एडिटरमध्ये अख्खं फोल्डर उघडताना जपा: प्रोजेक्टसोबत आलेली सेटिंग्ज आणि टास्क तुमच्या मशीनवर कोड चालवू शकतात. याचसाठी व्हीएस कोड २०२१ पासून नव्या फोल्डरवर विश्वास आहे का ते विचारतो. नोकरीची चाचणी म्हणून कुणी प्रोजेक्ट पाठवला असेल तर तिथे 'नाही' निवडा आणि आधी वाचा.

२१. दोन-तीन जीबीची लॉग फाइल एडिटर गोठवते.

ती एडिटरमध्ये उघडू नका. लिनक्स-मॅकवर 'लेस' ही आज्ञा फाइल थोडी थोडी वाचते, म्हणून आकाराने फरक पडत नाही. विंडोजवर पॉवरशेलची 'गेट-कन्टेन्ट' ही आज्ञा 'टेल' पर्यायासोबत दिली की शेवटच्या हव्या तेवढ्या ओळी मिळतात.

२२. आज निवडलेला एडिटर उद्या बंद पडला तर?

पडू शकतो. गिटहबने ॲटम हा स्वतःचा एडिटर १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद केला. ज्यांनी ओळीची रुंदी, टॅबची मापं, एन्कोडिंग असं सगळं ॲटमच्याच सेटिंगमध्ये ठेवलं होतं त्यांना ते नव्या जागी पुन्हा मांडावं लागलं. म्हणून हे नियम प्रोजेक्टमध्येच 'डॉट एडिटरकॉन्फिग' या फाइलमध्ये लिहा. केट, निओव्हिम आणि इतर कित्येक एडिटर ती थेट वाचतात. व्हीएस कोडला त्यासाठी एक एक्स्टेन्शन लागतं. डिफॉल्टची यादीही मजकुराच्या एका फाइलमध्ये जपून ठेवा: लिनक्सवर प्रश्न १३ मधली फाइल, मॅकवर प्रश्न १२ मधली ड्यूटीची यादी. विंडोजवर एक्स्टेन्शन्सची नावं नुसती लिहून ठेवलीत तरी नव्या मशीनवर प्रश्न १० मधली कृती भराभर उरकते.